वास आला होता, फोन केला नाही

तीन वर्षं झाली त्या मार्चला. अजूनही कोणी विचारलं की तुला माकडताप, म्हणजे गोचीड चावून होणारा तो रानातला ताप, झाला कसा, तर मी सगळं रंगवून सांगतो आणि एक गोष्ट गाळतो, ती आज आधीच सांगून टाकतो. मला वास आला होता.

आमची काजूची बागायत गोव्यात, वाळपईहून बरीच आत, डोंगराच्या उतरणीला. थोडी स्वतःची, थोडी काकांनी पावणीत, म्हणजे हंगामापुरती लिलावात, घेतलेली. मी पणजीला नोकरीला, पण काजूचा हंगाम सुरू झाला की शनिवार-रविवार बागायतीत, कारण मजूर मिळत नाही आणि बोंडू, म्हणजे काजूचं फळ, कोणासाठी थांबत नाही, आज पडला तो आज उचलला नाही तर उद्या त्यावर मुंग्या. तर त्या रविवारी सकाळी खाली व्हाळाच्या (ओढ्याच्या) बाजूला कुजका वास येत होता, जाऊन बघितलं तर करवंदीच्या जाळीखाली वांदर पडलेला, काळ्या तोंडाचा, मोठा, शेपटी बाहेर आलेली आणि वर माश्यांचा ढग. काका वरूनच म्हणाले, "झाडावरून पडला असेल, नायतर कुत्र्यांनी धरला असेल. सोड, चल." मी सोडला.

माहीत नव्हतं असं अजिबात नाही. आमच्या सत्तरी तालुक्यात 2015 पासून माकडताप हा शब्द शाळेतल्या पोरालासुद्धा ठाऊक आहे, पाली गावात पेशंट सापडले तेव्हा केवढा गहजब झाला होता. पंचायतीच्या भिंतीवर पोस्टर आहे, मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, ताबडतोब कळवा. पण डोक्यात एकच, कळवलं की माणसं येणार, बागायत बंद करणार, ऐन हंगामात पंधरा दिवस गेले तर पावणीचे पैसे कुठून काढायचे. काका बोलले नाहीत, मी पण बोललो नाही, दोघांनाही कळत होतं आपण का बोलत नाही ते.

पुढच्या रविवारी त्याच उतरणीवर काम केलं. हाफ पँट, पायात स्लीपर, हातात टोकाला खिळा लावलेली काठी. अकरा वाजता झाडाखाली पाचोळ्यात बसून पेज आणि खारातली मिरची. मग थोडा वेळ तिथंच पाठ टेकली. संध्याकाळी कोळंबीत उतरून बोंडू तुडवले (कोळंबी म्हटलं की बाहेरच्यांना मासे आठवतात, आमच्याकडे बोंडू मळायची दगडी जागा), पहिल्या धारेचं हुर्राक (बोंडूच्या रसाची दारू) चाखलं आणि सोमवारी पहाटे बाईकवरून पणजी. कुठे काही चावलं, खाजलं, काही नाही.

शुक्रवारी दुपारी ऑफिसात बसल्या बसल्या थंडी वाजली आणि अर्ध्या तासात ताप 103. पाय जड होतात, अंग मोडून येतं तो प्रकार वेगळा, इथे पोटऱ्या आणि कंबर कोणीतरी पिळून वाळत घातल्यासारखं दुखत होतं आणि कपाळावर घण. भावाने गाडी घेऊन घरी आणलं. दोन दिवस पॅरासिटामॉल, रविवारी एका खाजगी दवाखान्यात. डॉक्टरने विचारलं बाहेरचं काही खाल्लं का, पावसात भिजला का. मार्चमध्ये! डेंग्यूची टेस्ट केली, निगेटिव्ह, म्हणाले व्हायरल आहे आणि अंगदुखीवर एक इंजेक्शन दिलं, दोन तास बरं वाटलं. नंतर कळलं की या तापात रक्तस्रावाचा धोका असतो आणि असली दुखण्यावरची इंजेक्शनं, गोळ्या टाळायच्या असतात. त्यांनी मी काय काम करतो ते विचारलं असतं तर! पण मी तरी सांगितलं का? ऑफिसात असतो म्हणालो. पणजीत नोकरी करणाऱ्याला बोंडू वेचतो असं सांगायला उगाच कसंतरी होतं.

सोमवारी रात्री उलट्या, डोळे लाल, ब्रश करताना हिरडीतून रक्त. मंगळवारी सकाळी आईने कोणाचं ऐकलं नाही, सरळ वाळपईच्या सरकारी आरोग्य केंद्रात. तिथल्या डॉक्टर बाईंनी माझे डोळे बघितले आणि नाव विचारायच्या आधी पहिला प्रश्न केला, "काजूत जाता?"

म्हणजे बघा, दोन दवाखाने, तोच ताप, तेच डोळे, आणि फरक एका प्रश्नाचा.

रक्त काढलं. पांढऱ्या पेशी 2,100, प्लेटलेट 68,000. दोन्ही खाली. वेगळी ट्यूब माकडतापाच्या तपासणीला म्हणून बर्फाच्या डब्यात ठेवली, आरटीपीसीआर. कोविडमुळे हा शब्द आमच्या आजीलाही पाठ आहे त्यामुळे समजावायला वेळ लागला नाही. सुरुवातीच्या दिवसांत विषाणू रक्तात असतो तोवर ही टेस्ट, नंतर शरीराने त्याच्याविरुद्ध काय तयार केलं ते बघणारी दुसरी, असं सिस्टरनी सांगितलं. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, पाठवायचं ठरलं, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत एक ताई रजिस्टर घेऊन खाटेजवळ बसल्या, आरोग्य खात्याच्या फील्डवरच्या. मला वाटलं नाव-पत्ता घेऊन जातील. पाऊण तास बसल्या.

ताप नेमका कधी आला, सकाळी की दुपारी. त्याच्या आधीचे दहा दिवस रोजचे सांगा. कोणत्या रानात, कोणत्या बाजूला, पायात काय होतं, खाली बसलात का, कुठे, किती वेळ. गुरं आहेत का, ती कुठे चरतात. जळाऊ लाकडं कुठून आणता. तुमच्याबरोबर कोण होतं, शेजारच्या बागायतीत कोण होतं. पोलीस चौकशी परवडली, तिथे निदान वकील मिळतो. माझं डोकं फुटत होतं आणि त्या शांतपणे, "आठवून सांगा, घाई नाही."

मग त्यांनी विचारलं, "मेलेला वांदर दिसला होता?"

मी आईकडे बघितलं नाही. हो म्हणालो. कधी? म्हणालो सोळा दिवस झाले. त्यांनी पेन थांबवलं, एक क्षण फक्त, मग लिहिलं सोळा दिवस, आणि जागा विचारली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानावर थरथरत्या हाताने व्हाळ, करवंदीची जाळी, मोठा फणस असा नकाशा काढून दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वॉर्डात असताना रिपोर्ट आला, पॉझिटिव्ह. औषध काय तर थेट त्या विषाणूवर असं कुठलंच नाही. सलाईन, ताप उतरवणं, बीपी बघणं, रोज प्लेटलेट मोजणं, कुठून रक्त येतंय का बघणं. डॉक्टर म्हणाले, शरीर लढतंय, आम्ही पडू देत नाही एवढंच. शंभरात तीन ते पाच जण दगावतात हे मी मोबाईलवर वाचलं आणि मग मोबाईल उशीखाली ठेवून दिला.

परत काढलाच अर्थात. वॉर्डात दुसरं करायचं काय. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर रानात माकडं धडाधड मरायला लागली आणि पाठोपाठ माणसं तापाने पडली, तेव्हा पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे लोक, म्हणजे आत्ताची एनआयव्ही, राष्ट्रीय विषाणू संस्था, तिथे धावले होते कारण सगळ्यांना भीती वाटली की आफ्रिकेतला पीतज्वर भारतात पोचला, त्यातही माकडं मरतात ना. निघालं भलतंच, एक नवाच विषाणू, आणि तो डासाकडे नाही, गोचिडीकडे. डेंग्यूच्याच खानदानातला. मग कितीतरी वर्षं तो कर्नाटकातल्या चार-पाच जिल्ह्यांतच फिरत राहिला, आणि 2012 नंतर एकदम पसरलेला दिसायला लागला, बांदीपूर, निलगिरी, वायनाड, 2015 ला आमच्याकडे, 2016 पासून पलीकडे सिंधुदुर्गात, दोडामार्ग-बांद्याला. सगळा सह्याद्रीच. पसरला की आधीपासून होता आणि कोणी तपासलाच नव्हता, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलाय. आमचे आजोबा सांगायचे ना, काजूच्या दिवसांत रानातला ताप येतो म्हणून.

इकडे गावात काय झालं ते भावाने फोनवर सांगितलं. माझा रिपोर्ट यायच्या आधीच, बुधवारी सकाळी, टीम बागायतीत. हे मला विशेष वाटलं, कागदाची वाट बघितली नाही. गमबूट, हातमोजे, मी काढलेला वेडावाकडा नकाशा. वांदराची हाडं आणि केस तेवढे उरलेले, तपासायला काही नाही. ताजा असता तर पशुवैद्यकांनी नमुने घेतले असते आणि वांदर कशाने मेला ते मला ताप यायच्या आधी कळलं असतं. तर उरलेलं जाळलं, भोवती मोठा गोल आखून मॅलाथिऑनची, म्हणजे कीटकनाशकाची, पावडर मारली. कारण असं की जनावर जिवंत असेपर्यंत गोचीड त्याच्या अंगावर, ते मेलं की ती खाली उतरते आणि नव्या अंगाची वाट बघत तिथंच पाचोळ्यात बसते. म्हणजे मेलेल्या वांदराखालची जमीन हाच खरा धोका. आणि मी तिथून चाळीस पावलांवर पेज खात बसलो होतो.

त्याच दिवसापासून घरोघर ताप सर्व्हे. गुरुवारी शेजारच्या वहिनी सापडल्या. त्यांची बागायत व्हाळाच्या पलीकडे, ताप कालच आलेला, त्या कोणाला सांगणारही नव्हत्या, भट्टी चालू होती. दुसऱ्याच दिवशी रक्त, पॉझिटिव्ह, बांबोळीला माझ्याच मजल्यावर. पाच दिवसांत घरी, ना रक्त, ना उलटी. मला बघायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "तुझ्यामुळे सापडले बघ, नायतर मी हुर्राक काढत बसले असते." हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे माझ्याकडून त्यांना लागला नाही हे खरं. पण पहिल्या रविवारी फोन केला असता तर पावडर दोन आठवडे आधी पडली असती. त्या माझ्यामुळे सापडल्या की माझ्यामुळे पडल्या? मी त्यांना हे अजून बोललेलो नाही. पेरू आणले होते त्यांनी.

सात दिवसांनी सोडलं. गावात यायला जेमतेम शिगमो संपत आलेला, ढोल लांबून ऐकू येत होते, आणि आमच्या अंगणात कोणी येत नव्हतं. आईला नळावर एकीने म्हटलं की जरा लांबून भर. आरोग्य केंद्राच्या त्याच ताई येऊन आमच्या सोप्यावर मुद्दाम चहा पिऊन गेल्या, सगळ्यांना दिसेल असा. त्याचा उपयोग पोस्टरपेक्षा जास्त झाला.

चार दिवसांनी पुन्हा एक टीम आली, गोचिडी गोळा करणारी. जागा दाखवायला मी काठी टेकत गेलो, मला रस्त्यावरच बाईकवर बसवून ठेवलं, पण तिथून दिसत होतं. पांढऱ्या फ्लॅनेलचा एक मोठा तुकडा, टॉवेलपेक्षा रुंद, एका बाजूला काठी आणि दोरी. तो पाचोळ्यावरून हळूहळू ओढत न्यायचा, दहा-पंधरा पावलं गेलं की उलटा करून बघायचा. एकजण तो उचलून माझ्याजवळ घेऊन आला. आधी मला काहीच दिसलं नाही, काडी, मातीचे कण. मग एक कण चालायला लागला. मग दुसरा. खसखशीएवढे, तपकिरी, कपड्याच्या कडेकडे सावकाश निघालेले. "ही पिल्लं," तो म्हणाला, "मोठी गोचीड पावसात गुरांवर असते, ही मधल्या वाढीची, पाऊस गेला की मेपर्यंत असतात, आणि माणसाला हीच चावतात." चिमट्याने एकेक उचलून काचेच्या बाटलीत. मी मोजत होतो, सतरा. एवढ्याशा कपड्यावर. आमच्या काजूचा हंगाम आणि यांचा हंगाम एकच, हे इतकं सोपं आहे की कोणी सांगितल्याशिवाय सुचत नाही.

मला वाटलं संपलं. डॉक्टरांनी सोडताना बजावलं होतं की तिसऱ्या आठवड्यात काहींना परत ताप येतो, लक्ष ठेवा, पण बरं वाटत असताना कोण ऐकतं. अठराव्या दिवशी परत ताप, डोकं, आणि हात थरथरायला लागला, आईने पेला दिला तर पाणी छातीवर सांडलं. भाऊ म्हणतो मी त्याला सारखं विचारत होतो की बियांची पोती आत घेतली का, आणि त्याने घेतली सांगितलं की परत विचारायचो. मला आठवत नाही. परत बांबोळी, परत सहा दिवस, यावेळी ॲडमिट करताना फॉर्मवर सही करायला गेलो तर आडवी रेघ आली नुसती. बरा झालो. मेपर्यंत जिना चढताना दम लागायचा, केस मूठ मूठ जायचे, ऑफिसने बिनपगारी रजा दिली.

आता ज्याची भीती होती ती गोष्ट. बागायत कोणी बंद केली नाही. एक दिवससुद्धा नाही! व्हाळाकडची ती पावडर मारलेली जागा सोडून बाकी सगळीकडे जा म्हणाले, फक्त पूर्ण कपडे, बूट, अंगाला लावायचं तेल, पाचोळ्यात बसायचं नाही, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि स्वतः साबण लावून अंघोळ. काका ऐकत होते आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

ते तेल म्हणजे डेपा, ग्वाल्हेरच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेतून निघालेलं, सैनिकांसाठी. हातापायाला, मानेला लावायचं. चिकट होतं, घामात उतरतं, परत लावावं लागतं, आणि भट्टीजवळ काम करणाऱ्याला उन्हात ते चोपडून घ्या सांगणं सोपं असतं, चोपडून बघा कधीतरी. लस पूर्वी होती. साथ नवी होती त्या काळात मी पण एक डोस घेतला होता, दंड इतका दुखला की दुसऱ्याला गेलोच नाही. एकच डोस म्हणजे न घेतल्यात जमा, महिन्याने दुसरा, मग काही महिन्यांनी बूस्टर आणि पुढे दरवर्षी असं ते प्रकरण होतं, आणि एवढं करूनही संरक्षण पूर्ण नाहीच, म्हणून शेवटी ती लस बंदच झाली. आयसीएमआर, म्हणजे केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद, नवीन लसीच्या मागे आहे. येईल तेव्हा मी रांगेत पहिला, दंड दुखू दे.

एक तक्रार मात्र आहे. एवढी सगळी माणसं, पावडर, कपडा, बाटल्या, हे सगळं माझ्या तोंडून एक वाक्य निघेपर्यंत हलत नाही. रानात कोण फिरतं? आम्ही. वास कोणाला येतो? आम्हाला. मग आम्ही का बोलत नाही हे कधीतरी येऊन विचारा ना, हंगामात नाही, पावसात या, सोप्यावर बसा. बागायत बंद होणार नाही एवढी एक ओळ त्या पोस्टरवर मोठ्या अक्षरांत असती तर मी तेव्हाच फोन केला असता. कदाचित. काकांनी केला असता का माहीत नाही.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत सकाळी परत वांदर दिसला, रस्त्याच्या कडेला, लहान. यावेळी लगेच फोन, आणि कुत्री येऊ नयेत म्हणून मी लांब उभा राहून दोन तास दगड मारत बसलो. वनखात्याचे दोघे आणि पशुवैद्यक आले, तो पांढरा सूट घालून. काकांनी तोवर गमबूट चढवून, गळ्यापर्यंत तेल लावून, बागायतीतून येऊन मागे उभं राहायला सुरुवात केलेली. डॉक्टरांनी वर बघितलं, विजेची तार, खाली बघितलं, वांदराचा तळहात काळा पडलेला. शॉक लागला असेल म्हणाले, पण नमुने घेतले, पिशवीत पिशवीत पिशवी, आणि माझा नंबर लिहून घेतला. आठवड्याने फोन आला, निगेटिव्ह.

मी उगाच त्रास दिला म्हणून माफी मागितली. पलीकडून बाई म्हणाल्या, "माफी कसली? तो व्हाळाकडचा नकाशा तुम्हीच काढला होता ना? अजून आहे आमच्या फायलीत. फणस चुकीच्या बाजूला काढलाय तुम्ही."